पिकअप ट्रकसाठी हिचवरचा सायकल रॅक: दुकानात जाण्याआधी टेलगेट मोजा

पिकअप ट्रक दारात असताना सायकलींसाठी आणखी वेगळा रॅक कशाला घ्यायचा, असा प्रश्न पुण्याहून डेन्व्हरला आलेल्या माझ्या थोरल्या भावाने पहिल्याच दिवशी विचारला होता, आणि तो रास्तच होता. मागे सामानाचा एवढा मोठा उघडा हौदा, म्हणजे बेड, मोकळा पडलेला असताना सायकली त्यात आडव्या टाकाव्यात आणि निघावे, असे कोणालाही वाटेल. अडचण मापांची आहे. अमेरिकेत आज सर्वाधिक दिसणाऱ्या चार दारांच्या पिकअपचा बेड बहुधा साडेपाच फुटांचा असतो, टोयोटा टकोमासारख्या मध्यम आकाराच्या ट्रकमध्ये तो अनेकदा पाच फुटांचाच येतो, आणि मोठ्या माणसाची माउंटन बाइक एका टायरच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत सुमारे सहा फूट भरते. त्यातच बेडवर टोनो कव्हर, म्हणजे बेड झाकणारे आच्छादन, बसवलेले असेल, किंवा चार दिवसांच्या मुक्कामाचा तंबू, शेगडी आणि पाण्याचे कॅन आत रचलेले असतील, तर सायकलींना जागा उरत नाही.

रॅकला एक स्वस्त पर्यायही आहे आणि तो आधी सांगणे प्रामाणिकपणाचे ठरेल. टेलगेटवर, म्हणजे बेडच्या मागच्या खाली पडणाऱ्या दारावर, टाकायचा जाड पॅड मिळतो. सायकलीचे पुढचे चाक टेलगेटच्या बाहेर लोंबते आणि फ्रेमचा खालचा नळ पॅडवर टेकून पट्ट्याने बांधला जातो. घरापासून वीस मिनिटांवरच्या ट्रेलवर जाणाऱ्या माणसाला एवढे पुरेसे आहे. लांबच्या रस्त्यावर मात्र धूळ आणि पॅड यांच्यामध्ये घासून टेलगेटचा रंग आणि फ्रेमचा रंग दोन्ही मंद होतात, बेडमधले सामान काढताना सायकली वाटेत येतात, आणि कव्हर बंद राहत नाही. आमच्यासारखे जे लोक डेन्व्हरहून आय-७० महामार्ग धरून फ्रुटा किंवा मोॲब या सायकल-ट्रेलच्या गावांना, म्हणजे अडीचशे ते साडेतीनशे मैलांवर जातात, त्यांना बेड सामानासाठी आणि रॅक सायकलींसाठी, अशी वाटणी शेवटी करावीच लागते.

हिच म्हणजे ट्रेलर ओढण्यासाठी ट्रकच्या मागे बसवलेली जोडणी, आणि तिची मागच्या बंपरखाली दिसणारी चौकोनी पोकळ नळी म्हणजे रिसीव्हर. रॅकचा दांडा तिच्यात सरकतो आणि आडव्या पिनेने अडकतो. नळीच्या आतल्या बाजूचे माप हा निवडीचा पहिला निकष आहे. छोट्या मोटारींवर १.२५ इंचांचा, अर्ध्या टनाच्या, म्हणजे नेहमीच्या मोठ्या, बहुतेक पिकअपवर २ इंचांचा, आणि पाऊण टन व त्यावरच्या जड ट्रकवर २.५ किंवा क्वचित ३ इंचांचा रिसीव्हर असतो. २ इंचांच्या रिसीव्हरला पाच-अष्टमांश इंच जाडीची पिन लागते, १.२५ इंचांच्या रिसीव्हरला अर्धा इंच जाडीची. पिकअपवाल्यांनी २ इंचांचा दांडा असलेलाच रॅक घ्यावा, १.२५ इंचांचा रॅक अडॅप्टर लावून बसवता येतो, पण त्याची वजन पेलण्याची क्षमता मुळातच कमी धरलेली असते. २.५ इंचांच्या रिसीव्हरमध्ये २ इंचांचा दांडा घालायचा तर मध्ये पोलादी स्लीव्ह घालावी लागते, आणि त्या स्लीव्हमुळे सैलपणाची आणखी एक जागा तयार होते. तिच्याविषयी पुढे लिहिले आहे.

प्रत्येक पिकअपला रिसीव्हर असतोच असे नाही. टोइंग पॅकेज न घेतलेल्या साध्या मॉडेलच्या बंपरवर ट्रेलर जोडण्याचा बॉल बसवण्याचे गोल भोक तेवढे असते. त्यात रॅक बसत नाही. अशा वेळी बाहेरून हिच बसवून घ्यावी लागते. हे काम ट्रक-ट्रेलर भाड्याने देणाऱ्या यू-हॉलच्या केंद्रांवरही होते, आणि ते करून घेताना क्लास ३ पेक्षा कमी हिच घेण्यात काहीच शहाणपण नाही. क्लास १ हिचची टंग वेट मर्यादा, म्हणजे हिचवर सरळ खाली पडणाऱ्या भाराची मर्यादा, साधारण २०० पौंडांची असते, क्लास २ ची ३५० पौंडांची, आणि क्लास ३ ची ८०० पौंडांपर्यंत जाते. नेमका आकडा हिचला चिकटवलेल्या लेबलवर छापलेला असतो. ट्रकच्या मालकपुस्तिकेतला आकडा आणि हा आकडा यांतला जो लहान असेल तो खरा मानावा. दोन सायकलींचा चांगला ट्रे रॅक (चाके ट्रेवर टेकवून सायकली नेणारा) स्वतःच ५० पौंडांच्या घरात असतो. त्यावर ७० पौंडांच्या दोन ई-बाइक चढवल्या की १९० पौंड झाले. क्लास ३ ला हा भार सहज पेलतो. क्लास १ ची मर्यादा मात्र जवळजवळ गाठली जाते. शिवाय हा भार हिचच्या अगदी तोंडाशी नसून दोन-तीन फूट मागे लटकलेला असल्यामुळे खड्ड्यातून जाताना तरफेसारखा जोर येतो. या कारणाने रिसीव्हर लांबवणारा एक्स्टेंडर वापरणे मी टाळतो. त्यामुळे हिचची क्षमता साधारण निम्म्यावर येते असे धरतात, आणि अनेक रॅक उत्पादक तो लावल्यास वॉरंटी नाकारतात.

इथवरची पथ्ये कोणत्याही गाडीला लागू पडतात. पिकअपची खरी गोष्ट टेलगेटपाशी सुरू होते. एसयूव्हीचे मागचे दार वर उचलले जाते किंवा बाजूला उघडते, पिकअपचे टेलगेट खाली पडते, आणि खाली पडताना रॅक जिथे उभा असतो नेमक्या त्याच जागेत ते येते. मी पहिल्यांदा मित्राच्या एसयूव्हीवरचा रॅक उसना आणून ट्रकला लावला, फ्रुटाच्या कॅम्पग्राउंडवर पोहोचेपर्यंत अंधार झाला होता, सायकली उतरवून रॅक दुमडून उभा केला होता, आणि सामान काढायला मी किल्लीवरचे टेलगेटचे बटण दाबले. टेलगेट ट्रेच्या आडव्या पोलादी कडेवर आदळले. आवाज फार झाला नाही, पण सकाळी पाहिले तर टेलगेटच्या वरच्या कडेजवळ तळहाताएवढा खळगा पडला होता. मोजमाप न घेता रॅक लावणे ही माझीच चूक होती.

हे मोजमाप घ्यायला पाच मिनिटे लागतात. ट्रक सपाट जागी उभा करावा आणि टेलगेट पूर्ण उघडावे. दोरीला एखादा जड नट बांधला की ओळंबा तयार होतो. टेलगेटच्या बाहेरच्या टोकावरून तो खाली सोडावा आणि जमिनीवर जिथे टेकेल तिथे खडूने खूण करावी. दुसरा ओळंबा रिसीव्हरच्या पिनेच्या भोकाच्या मध्यावरून सोडून दुसरी खूण करावी. या दोन खुणांमधले अंतर म्हणजे टेलगेट पिनेच्या मागे किती बाहेर येते ते. मग रिसीव्हरच्या वरच्या कडेपासून उघड्या टेलगेटच्या खालच्या बाजूपर्यंतची उंची मोजावी. माझ्या ट्रकवर पहिले अंतर १७ इंच आणि दुसरे १२ इंच भरले. याचा अर्थ असा की पिनेपासून १७ इंचांच्या आत रॅकचा जो भाग रिसीव्हरच्या १२ इंच वर जाईल, तो टेलगेटला लागणार. रॅकच्या माहितीपत्रकात पिनेच्या भोकापासून दुमडलेल्या रॅकपर्यंतचे अंतर बहुधा आकृतीसह दिलेले असते. ते दिलेले नसेल तर विक्रेत्याला विचारावे, आणि तोही सांगू शकत नसेल तर दुकानात उभ्या असलेल्या नमुन्यावर टेप लावून स्वतः पाहावे. खरेदी ऑनलाइन करायची असली तरी एकदा दुकानात जाऊन नमुना पाहून यावा, असा माझा आग्रह आहे.

व्यवहारात असे दिसते की दुमडून उभा केलेला जवळजवळ कोणताही रॅक पिकअपच्या टेलगेटच्या वाटेत येतो. म्हणून प्रश्न असा विचारावा: रॅक किती सहज खाली झुकवता येतो? चांगल्या ट्रे रॅकला तीन स्थिती असतात. रिकामा असताना उभा, प्रवासात आडवा, आणि टेलगेट उघडण्यासाठी जमिनीकडे झुकलेला. झुकवण्याची कळ ट्रकच्या बाजूला, म्हणजे रॅकच्या मुळाशी असेल, तर सायकली चढवलेल्या असताना दोन चाकांच्या मधून हात घालून ती शोधावी लागते. ती बाहेरच्या टोकाला असेल तर एका हाताने ओढून दुसऱ्या हाताने रॅक खाली सोडता येतो. दोन सायकलींसह रॅक खाली सोडणे म्हणजे शंभर पौंडांच्या आसपासचे वजन हातावर तोलणे असते, त्यामुळे घरातल्या सर्वांत हलक्या चणीच्या माणसाला दुकानातच ती कळ वापरून पाहायला सांगावे. रॅक झुकवल्यावरही आतल्या सायकलीचे हँडल किंवा सीट टेलगेटला लागते का, हे पहिल्या दिवशी टेलगेट हाताने सावकाश खाली आणून तपासावे. बटणाने उघडणारे टेलगेट असेल तर रॅक लावलेला असताना ते बटण विसरावे.

अलीकडची टेलगेटे आणखी करामती झाली आहेत. जीएमसी सिएराच्या २०१९ च्या मॉडेलबरोबर आलेल्या मल्टीप्रो टेलगेटमध्ये टेलगेटच्या आत आणखी एक छोटे दार खाली पडते आणि त्याची पायरी होते. रिसीव्हरमध्ये साधा बॉल माउंट राहिला असला तरी हे आतले दार त्यावर आपटू शकते, मग रॅकची गोष्टच नको. त्याच वर्षी रॅमने १५०० वर दोन भागांत बाजूला उघडणारे टेलगेट दिले, आणि फोर्डने २०२४ च्या एफ-१५० मध्ये टेलगेटच्या मध्यभागी बाजूला उघडणारे दार दिले. बाजूला उघडणाऱ्या दारांना रॅकच्या उभ्या भागापासून मोकळी कमान लागते, त्यामुळे ओळंब्याचे माप पुरत नाही. दार प्रत्यक्ष फिरवूनच पाहावे लागते.

रॅकच बाजूला फिरवणारी सोयही मिळते. सायकलींसह अख्खा रॅक दारासारखा एका कडेला सरकतो आणि टेलगेट निर्धास्त उघडते. रोज बेड उघडणाऱ्यांना ती आवडते. पण तिचे स्वतःचे वजन बरेच असते, सायकली ट्रकपासून आणखी मागे जातात, आणि उतारावर उभ्या केलेल्या ट्रकवर तो रॅक आपोआप फिरून परत येऊ पाहतो. ती घ्यायचीच तर उघड्या स्थितीत अडकवणारी खिट्टी आहे याची खात्री करून घ्यावी.

आता रॅकच्या जातींकडे वळू. सर्वांत स्वस्त जात म्हणजे दोन आडव्या हातांवर सायकली फ्रेमच्या वरच्या नळाने टांगणारा रॅक. जुन्या पोलादी सायकलींना तो चालतो. कार्बन फ्रेमला, खाली वाकलेल्या नळाच्या सायकलींना आणि ई-बाइकना तो चालत नाही, आणि वाऱ्यात सायकली एकमेकींवर आपटत राहतात. ट्रे रॅकमध्ये दोन्ही चाके ट्रेवर टेकतात आणि पुढच्या टायरवर एक हात येऊन दाबतो, फ्रेमला काहीच लागत नाही. विस्कॉन्सिनमध्ये बनणाऱ्या वन अपच्या रॅकमध्ये दोन हात दोन्ही टायरना बाहेरून कवेत घेतात. थुली, याकिमा, कुआट यांचे बहुतेक ट्रे रॅक पुढच्या टायरवर दाबणाऱ्या एका हाताचे असतात. तिसरी जात उभ्या रॅकची: सायकली चाकाने किंवा फोर्कच्या, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याच्या, वरच्या भागाने उभ्या टांगल्या जातात आणि पाच-सहा सायकली एका रांगेत मावतात. मोठ्या गटाला आणि ट्रेलवर मुलांना नेणाऱ्या क्लबांना हा रॅक सोयीचा आहे, पण चार सायकली लावलेला असा रॅक खाली झुकवून टेलगेट उघडणे हे दोन माणसांचे काम आहे, आणि फोर्कने टांगणाऱ्या रॅकवर रस्त्याच्या सायकली बसत नाहीत. दोन ते चार सायकलींच्या कुटुंबाने ट्रे रॅकच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. चार सायकलींची गरज वर्षातून दोनदाच पडत असेल तर दोन ट्रेचा मुख्य रॅक घेऊन पुढे दोन ट्रे जोडता येतात का, ते पाहावे. चार ट्रेचा रॅक बाराही महिने मागे ओढत फिरण्यात अर्थ नाही.

ट्रे रॅकच्या क्षमतेचा आकडा प्रत्येक सायकलीमागे दिलेला असतो, आणि चांगल्या रॅकवर तो बहुधा ६० पौंड असतो. जाड टायरच्या ई-बाइकचे वजन सहज ६५ ते ७५ पौंड भरते, म्हणजे मर्यादेच्या पलीकडे. बॅटरी काढून ट्रकच्या आत ठेवली की सात-आठ पौंड कमी होतात. पावसाच्या आणि धक्क्यांच्या दृष्टीनेही ती आतच असावी. तरीही सायकल मर्यादेत बसत नसेल तर ई-बाइकसाठी बनवलेला, चढवण्यासाठी उतरता रॅम्प असलेला रॅक घ्यावा. अनेक उत्पादक खडबडीत रस्त्यासाठी किंवा ट्रेलरच्या मागे लावण्यासाठी हा आकडा आणखी कमी करतात, आणि ती ओळ पुस्तिकेत बारीक अक्षरांत असते. ट्रेची रुंदी टायरला पुरते का, दोन चाकांमधले अंतर रॅकच्या मर्यादेत आहे का, आणि पुढच्या चाकावर मडगार्ड असेल तर दाबणारा हात त्यावर येतो का, हे आपल्या सायकलीवर टेप लावून पाहावे. लहान मुलांच्या सोळा इंची सायकली बहुतेक ट्रे रॅकवर नीट धरल्या जात नाहीत. त्यासाठी अडॅप्टर शोधत बसू नये, बेड आहेच.

सायकली एकमेकींच्या उलट दिशेला तोंड करून लावाव्यात, म्हणजे हँडले आणि सीट एकमेकांत अडकत नाहीत, आणि सर्वांत जड सायकल ट्रकच्या सर्वांत जवळ असावी. एक्झॉस्टचे तोंड कुठे येते हेही पाहून ठेवावे. मागे सरळ निघणाऱ्या पाइपमधून येणारी गरम हवा खाली लोंबणाऱ्या टायरवर थेट आदळत राहिली तर टायर मऊ पडून फाटतो आणि कार्बन रिम तर कामातूनच जाते. आय-७० वरच्या आयझेनहॉवर बोगद्याकडे, म्हणजे अकरा हजार फुटांकडे चढताना इंजिनावर बराच वेळ ताण असतो, आणि अशाच चढांवर हा धोका वाढतो. सायकल त्या बाजूला येत असेल तर ती उलटी फिरवून मागचे-पुढचे चाक बदलून पाहावे. तरीही अंतर पुरत नसेल तर पाइपचे तोंड खाली वळवून घ्यावे.

सैलपणाचा विषय मात्र टाळता येत नाही. रिसीव्हर आणि दांडा यांच्यात केसाएवढी फट असली तरी चार फूट मागे सायकलीचे चाक इंचभर हलते. म्हणून आतून पसरून नळीला घट्ट दाबणारी रचना असलेला रॅक घ्यावा. काहींमध्ये दांड्याच्या टोकाला गोळी किंवा पाचर असते आणि बाहेरचा बोल्ट फिरवला की ती फुगते. रॅक बसवल्यावर बाहेरचे टोक धरून जोरात हलवावे: ट्रकचे स्प्रिंग हलले आणि रॅक त्याच्याबरोबर हलला तर ठीक, रॅक एकटाच खडखडला तर बोल्ट आणखी आवळावा. स्लीव्ह वापरली असेल तर तिच्या बाहेरही घट्ट करणारी क्लँप लागते. पिन मात्र नेहमी घालावीच. पाचरेवर भरवसा ठेवून पिन विसरणे जीवावर बेतू शकते.

रॅक आणि सायकली मिळून नंबर प्लेट आणि दिवे झाकतात. याविषयीचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत, म्हणून आपल्या राज्याचा नियम पाहून प्लेट रॅकवर हलवावी किंवा रॅकवर दिवे असलेला नमुना घ्यावा. अमेरिकेत मे २०१८ पासून जवळजवळ प्रत्येक नव्या गाडीला मागचा कॅमेरा सक्तीचा आहे, पण रॅक लावल्यावर त्यात सायकलीच्या स्पोकशिवाय फारसे दिसत नाही. मागच्या सेन्सरवर आपोआप ब्रेक लागणारा ट्रक असेल तर मागे घेताना तो अचानक थांबतो; मेनूमधून ती सोय त्या दिवसापुरती बंद ठेवावी. साडेपाच फुटी बेडचा चार दारांचा एफ-१५० मुळातच १९ फुटांहून लांब असतो, त्यामुळे रॅक दुमडून लावला तरी अनेक गराजचे दार बंद होत नाही. उतरवायला सोपा असलेला, म्हणजे दोन माणसांनी न वाकता उचलता येईल असा रॅक बरा, असे म्हणण्यामागे हेच कारण आहे. हिवाळ्यात डोंगरातल्या रस्त्यांवर बर्फ वितळवण्यासाठी मॅग्नेशियम क्लोराइड फवारतात आणि त्यात दांडा रिसीव्हरमध्ये गंजून असा चिकटतो की हातोडीशिवाय निघत नाही; म्हणून ऑक्टोबर संपला की रॅक काढावा आणि दांड्याला ग्रीसचा पातळ हात फिरवून ठेवावा. रॅकसोबत येणारी बारीक केबल हे कुलूप नव्हे. पिनेला कुलूप असावे, सायकलींना स्वतःची जाड साखळी असावी, आणि मोटेलवर मुक्काम असेल तर सायकली खोलीत न्याव्यात.

रॅक घरी आल्यावर निघण्याच्या आदल्या रात्री जोडू नये. आठवडाभर आधी, दिवसाउजेडी, अंगणात ट्रकला लावावा, सगळ्या सायकली चढवाव्यात, टेलगेट हाताने उघडून पाहावे आणि वस्तीतून दोन फेऱ्या माराव्यात. पहिल्या पन्नासेक मैलांनंतर प्रत्येक बोल्ट पुन्हा आवळावा लागतो. आम्ही त्यासाठी आयडाहो स्प्रिंग्जला थांबतो; डेन्व्हरच्या पश्चिम कडेपासून ते तसे जवळच आहे, पण चहा घेण्याची सवय तिथलीच आहे, आणि पाना नेहमी दाराच्या कप्प्यातच असतो.